मेळघाटात बांबूचं गणित मांडताना

"तुह्या गणितात जंगल शिरते पोरी, पन जंगलात गणित नको नेऊ," असं बाबा फार वर्षांपूर्वी म्हणाले होते. मी उत्तरांच्या शेजारी झाडं काढत बसायची म्हणून.

या फेब्रुवारीत नेलंच.

मी अकोल्याला कॉलेजात गणित शिकवते. मेळघाटातल्या एका गावाला आपल्या सामूहिक हक्काच्या जंगलातला बांबू कोणत्या वर्षी कुठे तोडायचा हे ठरवायचं होतं. काम दरवर्षी सगळ्यांना मिळावं आणि जंगल मात्र उणं होऊ नये. अशा अटी सांभाळून सर्वांत चांगली जुळणी शोधणं हाच माझा विषय.

एसटीनं निघाले, बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा मैत्रिणींनो, सबबी सांगू नका. दर्यापूरला नणंद मीना चढली.

"वैनी, काम्पुटरले इचारून बांबू तोडता? मंग कुऱ्हाड कोन चालवते, माऊस?"

अर्धी बस हसली.

अंजनगाव, अचलपूर करत परतवाडा. तिथं दह्यातला गिलावडा खाच, पण पुढे घाट आहे हे लक्षात ठेवून. मग जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही.

दुसऱ्या दिवशी जंगलाचे भाग पाडून बांबूची बेटं मोजत फिरलो. तिसऱ्या भागात नाल्यावर दोन्हीकडचे बांबू वाकून कमान झाली आहे. वारा आला की ती बारीक करकरते, कोणीतरी झोपेत कूस बदलावी तशी. मी तिथं टेकले, ती उठेचना.

"पाय मुरगळला काय?" मीनानं विचारलं.

संध्याकाळी ग्रामसभा. माझ्या उत्तरात तोडीचा पहिला नंबर नेमका तिसऱ्या भागाचा आला. त्यात ज्याला त्याला आपल्या आवडीचा भाग मागे ढकलायचा होता. मी ठणकावलं, "आवडीला सूट दिली तर पुढच्या फेरीला बांबू पुरणार नाही. सूट कोणालाच नाही!"

अध्यक्ष सुमरतीबाईंनी गावची रीत लावली. "ज्याले आपला भाग थांबवाचा हाय, त्यानं बदल्यात तेवढाच दुसरा दाखवाचा. बोला, कोन दाखवते?"

कोणीच नाही. हात वर झाले, आराखडा मंजूर.

मीना कानाशी आली. "जिकल्या नं वैनी! मंग तोंड काहून पाडून बसल्या?"

घरी परतून आठवडा झाला. येताना आणलेला खवा संपला, कानातली ती कमानीची करकर काही जात नाही. जुना बांबू काढला नाही तर बेट गुदमरतं, हे सभेत मीच समजावून आले होते. तरी आज फोन लावला.

"सुमरतीबाई, नाल्यावरची ती कमान तेवढी यंदा राहू द्याल का? बदल्यात दाखवायला माझ्याकडे जंगल नाही. नुसती आवडली म्हणून मागतेय."