आक्कांची जास्तीची मूठ

आक्का गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. मधली सुट्टी होती. गावाकडून आलेल्या एस.टी.चा कंडक्टर शहाद्याच्या स्टँडवरून चालत शाळेच्या फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या मोठ्या जाऊबाई सकाळी गेल्या. तुम्हाला बोलावलंय." आषाढातला दिवस होता. आक्का उन्हाळ्यापासून दम्यानं अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. माणूस गेल्याचं कळलं की पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता ती मूठ कोणाची होती हे मला कोण सांगणार... लिहायलासुद्धा लाज वाटते, पण तसंच झालं. पंधरा वर्षं ज्या बाईवर मी संशय घेतला, तिच्या मरणालाही मी संशयानंच सामोरी गेले.

मूठ म्हणजे काय, ते खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. ही देवी म्हणजे एक नारळ. आमच्या घरचा नारळ पणजेसासऱ्यांच्या वेळचा. त्याला चांदीचे डोळे, नथ, हिरवं वस्त्र. चौरंगावर कलश मांडून त्यावर त्याची स्थापना करायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत तापीवर नेऊन, स्नान घालून परत आणायचा. पुराणात हिची कथा शोधायला जाल तर कोणी म्हणेल ही पार्वती, कोणी म्हणेल कृष्णाशी हिचं नातं. आक्कांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांच्या लेखी ती या घरातली सगळ्यांत म्हातारी बाई होती, आणि घरात कोण आहे, कोण नाही, हे तिला सांगावं लागत नव्हतं. नैवेद्याच्या पोळ्यांना रोट म्हणतात. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे आणि घरच्याच जात्यावर दळायचे. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. परक्याला द्यायचे नाहीत, जनावरापुढे टाकायचे नाहीत. बायका खातात, पण त्यांच्या नावाची मूठ नसते. मुलींचीही नसते.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी धुळ्याहून या घरात आले. सासूबाई नव्हत्या. घर आक्कांच्या हाती होतं. त्यांचं नाव द्वारका. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं मोजकं. मी मॅट्रिक झालेली, पुस्तकी मराठी बोलणारी, त्यामुळे घरात माझी थोडी थट्टाच व्हायची. आक्कांनी ती कधी केली नाही. उलट "तू वाच, मी भाकरी टाकस" म्हणून मला चुलीपुढून उठवायच्या. लग्नानंतरचा पहिला श्रावण मी माहेरी होते. दिवस राहिले होते. बाळंतपणालाही माहेरीच जायचं ठरलं होतं, पण माघात, आठव्याच महिन्यात, कळा सुरू झाल्या. मला ताप चढला, शुद्ध गेली. शुद्धीवर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आक्का उशाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "आंडेर व्हती. नई ऱ्हायनी." मुलगी होती, राहिली नाही. भेटायला आलेल्या बायकांनी, मुलगी तर मुलगी, पुढे मुलगा होईल, असं म्हणून माझं सांत्वन केलं. मला त्यांचा भयंकर राग आला. मी त्या मुलीला मनातल्या मनात सुमन हे नाव ठेवलं होतं.

पुढच्या श्रावणात मी पहिल्यांदा या घरची कानबाई पाहिली. आक्का सुपात गहू टाकत होत्या. सासऱ्यांची एक, मोठ्या भाऊजींची एक, ह्यांची एक, आक्कांच्या दोन मुलांच्या दोन. पाच झाल्या. मग त्यांनी जरा थांबून सहावी मूठ घेतली, वर पाव मूठ ठेवली आणि कोणाचंही नाव न घेता सुपात सोडली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"ती देवीनी मूठ शे. तू मोजू नको."

मोजू नको म्हटलं की मोजणारच, असा माझा स्वभाव. त्याच आठवड्यात मी चुलतसासऱ्यांच्या घरी गेले आणि सहज बोलता बोलता तिथल्या सुनेला विचारलं. ती हसायला लागली. "देवीनी मूठ? आम्हना घर तं आशी मूठ कोणीच टाकत नई." म्हणजे आक्का खोटं बोलल्या होत्या. रात्रंदिवस माझं डोकं त्याच चाकोरीत फिरू लागलं. मूठ पुरुषाची असते. मग या घरचा असा कोण पुरुष आहे, ज्याचं नाव घेता येत नाही? ह्यांना विचारलं. ते चपला शोधत म्हणाले, "आक्काला विचार." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला उत्तर मिळालं असं मी धरून चालले: ह्यांना कुठेतरी एक मुलगा आहे, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यानंतर मी काय काय केलं ते आठवलं की हसू येतं आणि लगेच आटतंही. ह्यांच्या कोटाचे खिसे तपासले. ह्यांचे कान जरा पुढे आलेले आहेत. बाजारात, जत्रेत, देवळात तसे कान असलेलं पोर दिसलं की मी त्याच्या आईला न्याहाळायची. गावच्या महादेवाला सोमवारी जायची ती पिंडीपेक्षा गाभाऱ्याबाहेरची रांगच जास्त पाहायची. हे वर्षातून एकदोनदा बैल बघायला मोलगी गावच्या बाजारी जात. एका वर्षी मी हट्टानं बरोबर गेले. अर्धी वाट लाकडाच्या ट्रकमधून, अर्धी डोंगरातून पायी. बाजारात मोहाची फुलं विकणारी एक बाई ह्यांच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसली. झालं... हीच ती, असं मी ठरवून टाकलं. ती शेजारणीला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, मला एक अक्षर कळेना. मग तिनं बोट दाखवलं. ह्यांच्या खांद्यावरच्या पिशवीला भोक पडलं होतं आणि विकत घेतलेल्या चारोळ्या बाजारभर मागे सांडत आल्या होत्या. ह्यांनी निमूटपणे मागे जाऊन त्या वेचल्या. मीही वेचल्या. पण संशय काही तिथे सांडला नाही.

सगळ्यांत जास्त मला डाचायचं ते वेगळंच. दरवर्षी सगळ्यांची पानं झाली की आक्का एक रोट बाजूला काढून ठेवायच्या आणि तो मलाच वाढायच्या. पोट भरलंय म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत. "हाऊ रोट तूच खाय." मला वाटायचं, कुठल्यातरी सवतीच्या पोराचा वाटा ही बाई मुद्दाम माझ्या घशाखाली उतरवते आहे. माझ्या दोन्ही मुली झाल्या त्यानंतरची गोष्ट. पुढे मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी चिडचिडी झाले होते. त्या श्रावणात मी तो रोट उचलला आणि गोठ्यात जाऊन वासरापुढे टाकला. आक्का मागेच होत्या. त्यांनी तो वासराच्या तोंडापुढून काढला, पदरानं पुसला, मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि ताटात ठेवला. ओरडल्या नाहीत. माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "खाई ले माय. तू नई खासी तं कोन खाई?" तू नाही खाल्लास तर कोण खाणार... मी खाल्ला. अपमान झाला म्हणून रडत खाल्ला. त्याही रडत होत्या, आणि त्याचंही मी मनात वाईटच लावलं: पकडली गेली म्हणून रडते आहे.

मुलींच्या शिक्षणासाठी आम्ही शहाद्याला बिऱ्हाड केलं, मला शाळेत नोकरी लागली. कानबाईला मात्र दरवर्षी गावी जायचोच. सासरे गेले, आक्कांच्या थोरल्याला मुलगा झाला, मुठींचा आकडा बदलत राहिला. एक जास्तीची कायम होती. गेल्या वैशाखात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागत होता. मी विचारायचंच असं ठरवून गेले होते. त्यांनीच माझा हात धरला आणि माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आते मूठ तुले टाकनी पडी." आता मूठ तुला टाकावी लागेल. मी हात सोडवून घेतला. कोणाची, ते सांगितल्याशिवाय मी टाकणार नाही, असं त्या मरणाच्या दारातल्या बाईला मी म्हणाले. तीच आमची शेवटची भेट.

दहाव्याच्या दिवशी सोनामाय आली. ही आमच्या गावची म्हातारी सुईण. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली. ती काठी टेकत आली, बायकांत बसली, रडली. मग सगळ्या उठून गेल्यावर माझ्याजवळ सरकली.

"माय, माले कानबाईनी आण घाली व्हती द्वारकानी. ती गयी, आते आण बी गयी. तुन्ही आंडेर नव्हती. आंडोर व्हता. मन्हा हातमा उना नि मन्हा हातमाच गया."

मुलगी नव्हती, मुलगा होता. तिच्या हातात आला आणि तिच्या हातातच गेला. ती पुढे सांगत होती. मी तापात होते. मुलगा गेला असं कळलं तर ही पोर उठणार नाही, असं आक्कांना वाटलं. "'आंडेर सांगू, म्हंजे कमी रडई,' आशी बोलनी ती. मंग श्रावण उना तवय माले म्हने, लोकेसले खोटं सांगता येस, कानबाईले कशी सांगू?" मुलगी सांगितली तर कमी रडेल, पण देवीला खोटं कसं सांगायचं.

माझा स्वभाव बघा. तेव्हाही मला वाटलं, म्हातारी ऐंशीची आहे, हिचं खरं कशावरून? पण मनात सगळे धागे आपोआप जुळत गेले. पहिला श्रावण मी माहेरी होते, म्हणून ती मूठ नवी आहे हे मला कळलंच नाही. आणि तो रोट. माझ्या मुलाचा रोट मला खायला घालत होती ती, पंधरा वर्षं. आणि मी तो वासरापुढे टाकला होता.

आक्कांवर माझं प्रेम होतं हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्याच क्षणी मला त्यांचा संतापही आला. तो अजून गेलेला नाही. तो लपवून गोड लेख लिहिणं मला जमणार नाही. मुलगी म्हटल्यावर मी कमी रडेन, हे त्यांनी कसं ठरवलं? मी काही कमी रडले नाही. सुमनसाठी मी जितकी रडले तितकी कोणासाठीच रडले नसेन, आणि आता कळतं की सुमन कधी नव्हतीच. म्हणजे तीही गेली. ज्याच्यासाठी रडायला हवं होतं तो पंधरा वर्षं माझ्या अश्रूंवाचून राहिला, आणि त्याची आठवण ठेवली ती एका परक्या घरातून आलेल्या, सव्वा मूठ गव्हापलीकडे काही बोलता न येणाऱ्या बाईनं. हे ऋण की अपराध, मला ठरवता येत नाही. आक्का असत्या तर भांडले असते. भांडून झाल्यावर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं असतं.

यंदा घरात दुःख म्हणून कानबाई बसवायची नाही असं भाऊबंदांनी ठरवलं. नारळ पेटीतच राहिला. त्या रविवारी शहाद्याच्या घरी दुपारी मी डब्यातले सव्वा मूठ गहू काढले. जातं नाही, म्हणून पाट्यावरच वाटले. जाडंभरडं पीठ निघालं. एकच रोट झाला. शास्त्रात बसतं की नाही, मला माहीत नाही. ताट घेऊन बसले तोच हे स्वयंपाकघरात आले. ह्यांच्याशी मी दहाव्यापासून बोललेच नव्हते. सगळं ठाऊक असून ज्यानं चपला शोधल्या, त्याच्याशी काय बोलायचं? ते माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"अर्धा माले दे," ते म्हणाले.

मी लगेच दिला नाही. विचारलं, "खरंच मुलगा होता? तुम्ही पाहिला होता?"

"मन्हा हातखालेच पुरा व्हता त्याले. मी नि आक्का." स्वतःच्या हातानं पुरलं होतं त्याला. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. "कान मन्हा नव्हतात. सगळं तोंड तुन्हं व्हतं."

मी रोट मोडला आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.