टाकी फुल, ड्रायव्हर केबिनमध्ये

काट्यावर गाडी दोन मिनिटं उभी राहते. तेवढ्यात ड्रायव्हर काहीतरी बोलून जातो. मी लिहून ठेवत नाही, तरी सगळं साठतं. मोरिवलीच्या कारखान्यांजवळ तीस वर्षं मी ट्रकचा वजनकाटा चालवतो आहे. शाळा चौथीपर्यंत. पण आकड्याच्या बाबतीत मला कोणी खोटं पाडलेलं नाही. एकदा तसा प्रयत्न झाला. तो शेवटी सांगतो.

*

आधी नामदेव. वांगणीचा. इथल्या एका कंपनीची गाडी वीस वर्षं चालवतो. माणूस सरळ, पण अंगानं असा की केबिनमध्ये चढला की गाडी त्या बाजूला नमस्कार करायची. गेल्या वर्षी त्याचा डावा गुडघा धरला. क्लचचा पाय. कल्याणला जाऊन आला की त्याला केबिनमधून उतरवायला दोन माणसं लागायची. कंपनीनं सांगितलं, "क्लच दाबवत नसेल तर गोडाऊनला बस."

नामदेव माझ्याकडे आला. "काका, वीस वर्षं गाडीवर काढली. आता गोडाऊनला पोती मोजू?"

बदलापूरच्या डॉक्टरनं एक्स-रे बघितला. सांध्यातली गादी झिजली होती. वजन उतरवलं तर दुखणं कमी होईल, सांधा बदलायची वेळ लांब जाईल, असं म्हणाला. नामदेव मोठा शोध लागल्यासारखा सांगत होता, "काका, अंगावर एक किलो वाढला की चालताना गुडघ्यावर तीन-चार किलोचा भार!"

मी म्हणालो, "एकशे आठ किलो घेऊन फिरतोस. ओव्हरलोड गाडीचे स्प्रिंगचे पाटे बसतात, हे तुला वीस वर्षं ठाऊक नव्हतं?"

"गाडीचं ठाऊक होतं, काका."

*

उल्हासनगरचा लच्छूशेठ भंगाराच्या गाड्या घेऊन येतो. वजन त्याचंही भरपूर, आणि उपाय त्याच्याकडे सगळे. आधी पोटाला बांधायचा थरथरणारा पट्टा आणला. मग डब्यातली पावडर. आठ दिवस पावडर पिऊन स्वतःच काट्यावर उभा राहिला.

"बोलो साईं, कितना?"

"एकशे वीस."

आठ दिवसांपूर्वीही एकशे वीसच होता.

"दादा, तुम्हारा काँटा खराब है."

मला राग आला. "शेठ, हा ट्रकचा काटा. दहाच्या पटीत बोलतो. एक-दोन किलो बघायचे तर किराणावाल्याकडे जा. पण तो तुम्हाला तागडीत घेणार नाही."

याच शेठनं नामदेवला सल्ला दिला. "सीधा इंजेक्शन लगा ले. नहीं तो पेट का ऑपरेशन. एक महिने में हीरो!"

नामदेवनं डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, "दोन्ही उपचार खरे आहेत. पण ज्याला लागतात त्याला, तपासण्या करून. शेठच्या सांगण्यावरून नाही. तुझं आधी ताट बघू, मग सुई."

*

ताट त्याच्या बायकोनं बघितलं. सुमननं. पहिल्या दिवशी नामदेवनं माझ्या बाकावर डबा उघडला. एक भाकरी, मुगाची उसळ, काकडी. त्यानं डबा उलटा करून बुडाशी बघितलं. मग घरी फोन लावला.

"अगं, वरचा डबा आलाय. खालचा घरीच राहिला वाटतं."

सुमनचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "खालचा तुमच्या पोटात आहे. वीस वर्षं साठवलाय. तो आधी संपवा."

*

डॉक्टरनं व्यायामही शिकवला. बसायचं, एक पाय सरळ उचलायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा. मांडी बळकट झाली की गुडघ्याला आधार होतो. नंबर लागेपर्यंत नामदेव माझ्या बाकावर हेच करायचा. त्याचं बघून बाकीचे ड्रायव्हरही बसले. आठ दिवसांत बाकावर पाच जण, पाच पाय हवेत.

रस्त्यानं जाणारा एक पुढारी मोटारसायकल थांबवून आला. "आंदोलन कशाचं आहे? मागणी काय?"

नामदेव म्हणाला, "दहा मोजू द्या. मग सांगतो."

*

एकदा नामदेव मला म्हणाला, "काका, तुमचेही गुडघे वाजतात. चढा काट्यावर."

"मी काटा चालवतो. काट्यावर चढत नाही."

दुसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत चढलो. आकडा सांगणार नाही. तेव्हापासून चहा बिनसाखरेचा घेतो.

*

आता तो प्रयत्न.

नामदेवच्या कंपनीची रिकामी गाडी दर सोमवारी माझ्या काट्यावर येते. टाकी काठोकाठ फुल, ड्रायव्हर केबिनमध्ये. जो आकडा येईल तो रजिस्टरला. नियम आहे.

कंपनीत नवे मॅनेजर आले. आल्या महिन्यातच रजिस्टर काखेत मारून माझ्या खिडकीशी उभे. साहेब चांगले भरलेले. पन्नास पावलं चालून धाप लागली होती.

"वर्षापूर्वी सहा हजार चारशे वीस. मग चारशे दहा. आता चारशे. गाडी तीच, टाकी फुल म्हणता. वीस किलो गेले कुठे? पंचवीस लिटर डिझेल होतं ते. एक तर ड्रायव्हर चोर, नाहीतर तुमचा काटा खोटा."

गाडी काट्यावरच होती. नामदेव केबिनमधून म्हणाला, "साहेब, ते वीस किलो माझे आहेत."

"म्हणजे कबूल करतोस?"

"मी बारीक झालो, साहेब."

"वा. ड्रायव्हर डाएटवर आहे म्हणून गाडी हलकी झाली. हे मी मालकांना सांगू?"

मागे भंगाराची गाडी लावून उभा असलेला लच्छूशेठ मध्ये पडला. "साब, सच है. ये पहले मेरे जैसा था."

"तुम्ही सगळे एकाच टपरीवर चहा पिता. आजपासून हा गाडीवर नको."

नामदेव माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, गाडी सुटू नये म्हणून वजन उतरवलं. आणि उतरवलं म्हणूनच सुटली."

शेठनं काटा खराब म्हटला होता, पण खोटा तीस वर्षांत कोणी म्हटला नव्हता. मी बाहेर आलो. "नामदेवा, खाली उतर."

तो उतरला. एकटा, कोणाचा हात न धरता. आकडा आला सहा हजार तीनशे दहा.

"साहेब, आता तुम्ही बसा."

"मी? मी कशाला?"

"ड्रायव्हर केबिनमध्ये पाहिजे. नियम आहे. आज ड्रायव्हर तुम्ही."

साहेबांनी दांडा धरला. पहिल्या पायरीला त्यांचा गुडघा वाजला, मला लांबून ऐकू आला. दुसऱ्या पायरीला नामदेवनं खालून खांदा दिला. साहेब सीटवर टेकले आणि गाडीनं त्या बाजूला नमस्कार केला.

सगळे आकड्याकडे बघत होते. तो थोडा हलला आणि थांबला.

सहा हजार चारशे वीस.

"साहेब," मी म्हणालो, "डिझेल सापडलं."

साहेबांनी आकडा दोनदा वाचला. रजिस्टर मिटलं. उतरायला एक पाय खाली सोडला, परत वर घेतला. मग केबिनमधूनच हळू हाक आली.

"नामदेव, जरा हात दे."