डँपरच्या पोटातलं अंडं

मोनारोच्या पठारावर एप्रिल सरत आला, तिकडचा हिवाळा जवळ आला की डेल्मा प्राउसच्या घरातला एक दिवा रोज थोडा लवकर मालवायचा. तो डँपरच्या उबेचा दिवा. डँपर म्हणजे तिची पाळलेली सापसुरळी. निळ्या जिभेची, हातभर लांब, एकोणीस वर्षांची.

डेल्मानं तीस वर्षं लोकर कातरणाऱ्या टोळ्यांसाठी रांधलं. पोटाची विद्या ती तिथंच शिकली, आणि डँपरच्या हिवाळी झोपेची विद्याही पोटाचीच होती. निजण्याआधी तीन आठवडे अन्न बंद, पाणी मात्र चालू. पोट रिकामं झालं की मग ऊब हळूहळू कमी करायची. गार अंगात अन्न पचत नाही, कुजतं. जनावर झोपेतच जातं.

त्या वर्षी मे महिन्यात गुडघ्यासाठी तिला आठवडाभर इस्पितळात राहावं लागलं. शेजारच्या क्लॅरी वेनला तिनं बजावलं होतं, फक्त पाणी. परतल्यावर दोन दिवसांनी तिनं डँपरला वाळल्या पानांच्या खोक्यात घालून मागच्या गार खोलीत ठेवलं. आणखी चार दिवसांनी क्लॅरी चहाला आला.

"हाडं दिसायला लागली होती गं तिची," तो म्हणाला. "तू यायच्या आदल्या दिवशी एक उकडलेलं अंडं घातलं. अख्खं खाल्लं तिनं."

डेल्मानं कप खाली ठेवला. "काय सांगितलं होतं तुला?"

"पाणी. पण जन्मभर मेंढरं राखली मी. हिवाळ्याआधी जनावराला पोटभर चारतात."

"ती मेंढी आहे का, क्लॅरी?"

"माझ्याकडे बघत होती बिचारी."

"ती भिंतीकडेही तशीच बघते."

काठी टेकत ती उठली. डँपरला उचललं तर ती ओल्या चिंधीसारखी लोंबली. दिवा पुन्हा लागला. रोज सकाळी उथळ परातीत कोमट पाणी, त्यात डँपर, आणि पोटाखाली डेल्माचा तळवा. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. क्लॅरी टोपी मांडीवर घेऊन बाजूला बसून राही.

"मी तुझं जनावर मारलं," चौथ्या दिवशी तो म्हणाला.

"गप बस. पाणी गार झालंय, किटली आण."

पाचव्या सकाळी परातीतलं पाणी गढूळलं. डेल्मानं वाकून पाहिलं, वास घेतला, आणि कितीतरी दिवसांनी तिचे ताठलेले खांदे सैल पडले.

"पडलं बघ सगळं बाहेर," ती म्हणाली. "ये, जवळून बघ."

"लांबूनच कळलं," क्लॅरी म्हणाला, आणि बाहीनं डोळे पुसले.

मग पुन्हा दोन आठवडे नुसतं पाणी, पुन्हा दिवा रोज थोडा लवकर मालवणं. जूनच्या मध्याला डँपर रिकाम्या पोटानं पानांत शिरली आणि नाक तेवढं बाहेर ठेवून निजली. खोक्याचं झाकण क्लॅरीनं लावलं, आणि हवेची भोकं मोकळी आहेत ना, ते एकेकात बोट घालून पाहिलं.