न धुतलेली काथवट

इर्याच्या घरातली काथवट कधी कुणी धुतली नव्हती. राय नावाच्या धान्याचा पाव झाला की कडेचं पीठ खरवडायचं, बाकीचं लाकडातच वाळू द्यायचं. पुढच्या खेपेला कोमट पाणी पडलं की तेच जागं होई आणि नवं पीठ फुगवी. "साबण लावलास तर हात मोडीन," असं इर्याची आई म्हणायची. त्या वाळक्या खमिराला तिथे, उत्तरेकडच्या त्या बर्फाळ देशात, हीवा म्हणतात.

आणि हिवाळ्यापासून इर्याला जे छळत होतं, त्यालाही तिथे हीवाच म्हणतात! खाज, लघवीला आग, अंगावरून दह्याच्या कवडीसारखं पांढरं जाणं. तिने दोनदा औषध आणलं, बरं वाटताच अर्ध्यात सोडलं. शेवटी तिने मनाशी पक्कं केलं, की हे पिठातूनच अंगात शिरलंय. नवऱ्याला, टाउनोला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? "तुझ्या घोरण्याने झोप लागत नाही," म्हणून ती उशी घेऊन माळ्यावर गेली.

उन्हाळा आला. रात्र नुसती फिकट होऊन परत उजाडायची. इर्या तळ्यात पोहून यायची आणि ओल्या कपड्यांतच पायरीवर बसून धुकं बघत राहायची. पाणी कुठे संपतं न् आभाळ कुठे लागतं, ते कळत नसे. देवाघरी गेलेली आई पलीकडच्या काठावर पीठ मळतेय, असं वाटायचं. रोग पिठातला, तेव्हा आईची काथवट आता आपल्याच हातून उकळत्या पाण्याने धुवावी लागणार, हे तिने ठरवून टाकलं.

एका सकाळी तिने सौनाकडे, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराकडे, बोट दाखवून टाउनोला फर्मावलं, "सौनातला हंडा तापव. उकळलं की सगळं काथवटीत ओत."

"का गं?"

"ओत म्हटलं की ओत!" आणि ती बस धरून दवाखान्यात गेली.

तिथली नर्स वुओक्को हिच्या लग्नाचे पाव इर्यानेच भाजले होते. तपासणी झाली, नमुना बघून झाला.

"इर्यामावशी, पावाचा हीवा वेगळा, हा वेगळा. हा पुष्कळ बायकांच्या अंगात थोडा असतोच. हिवाळ्यात दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलंस ना? त्याने आतले चांगले जंतू मेले, याचं फावलं. आणि ती जागा धुतेस कशाने?"

"डांबराच्या साबणाने. सकाळ-संध्याकाळ, घासून."

"आणि काथवट कशाने धुतेस?"

"काथवट धुतात का कधी, वेडे!"

बोलून गेली आणि इर्याने जीभ चावली. वुओक्कोला हसू आवरेना.

"तिथेही साबण नको. नुसतं पाणी, तेही बाहेरूनच. पोहून आलीस की ओलं आधी बदल, सैल सुती घाल. ही गोळी गिळायची नाही, झोपताना योनीत आत ठेवायची, बरं वाटलं तरी सोडायची नाही. पुन्हा पुन्हा होतंय, म्हणून रक्तातली साखरही बघू. आणि लाज कसली गं, मावशी?"

तेवढ्यात इर्याला हंडा आठवला. तिने फोन लावला, पण टाउनो तो कधी उचलतो? बसच्या खिडकीतून बर्चची झाडं स्वप्नातल्यासारखी सावकाश सरकत होती. ती बसल्या जागी आईची माफी मागत राहिली.

सौनाच्या धुराड्यातून अजून धूर निघत होता. हंडा रिकामा होता. काथवट जागेवर नव्हती. इर्या घरभर शोधत सुटली.

काथवट सापडली पलंगावर, तिच्या जागी, तिचीच दुलई पांघरून. शेजारी टाउनो आडवा झालेला. इर्याने दुलई उचलली, तर आत पिठाला बुडबुडे येत होते.

"पाणी कुठंय?"

"त्याने मी आंघोळ केली." टाउनो छताकडे बघत म्हणाला. "तू माळ्यावर गेलीस, आता ही काथवटही जायला निघाली. म्हटलं, एक तरी राहू दे. थोडं पाणी-पीठ घातलं. किती घालतात, देव जाणे." मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

इर्याला रडू फुटलं.

"कंटाळा नाही रे, येड्या! हीवा झालाय मला!" आणि तिने आगीपासून गोळीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

टाउनोने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी घोरत नाही?"

"घोरतोस. अस्वलासारखा."

तिने काथवट उचलून चुलीशेजारी उबेला ठेवली आणि माळ्यावरून उशी आणायला गेली.