मिठागरापाशी बंद पडणारी सायकल

चोपड्याच्या आनंदी गवसला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. जेवतानासुद्धा ती एक गुडघा उभा ठेवून, आत्ता उठते की मग उठते अशी बसायची. सासू म्हणायची, "हिच्या पायाक भिंगरी आसा." पण त्याच सासूने तिला असं काम शिकवलं, ज्यात घाई चालतच नाही. तान्ह्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं अंग चोळून द्यायचं. बाळ पायांवर घेतलं की आनंदीचे हात निवांत व्हायचे. बाकी सगळा दिवस तिची धावपळ चालूच.

तिचं माहेर दोडामार्गकडचं. लग्न होऊन ती आली खाणपट्ट्यातल्या पाळी गावाला. नवरा दत्ताराम खाणीवर खनिजाचा ट्रक, टिपर चालवायचा. खाणी बंद झाल्या, टिपर उभे राहिले, माणसं पांगली. पुढे दत्तारामला मोपाच्या विमानतळावर कामगारांची बस चालवायचं काम लागलं आणि बिऱ्हाड चोपड्याला आलं. इथे आनंदीला कोण ओळखणार? पण एका घरचं किरकिरं पोर न्हाऊन माखून गाढ झोपलं, की ती गोष्ट सांगावी लागत नाही, शेजारच्या वाड्यावर आपसूक पोचते. आगरवाडा, मांद्रे, पार्से, सगळीकडून बोलावणी यायला लागली.

बसची वाट बघत उभं राहणं म्हणजे तिला शिक्षा. स्कूटर शिकायला गेली तर पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी कुंपणात जाऊन पडली. सायकल मात्र तिला लहानपणापासून येत होती. म्हणून दत्तारामने आपल्या जुन्या सायकलीला इंजिन बसवून दिलं. दोन चाकांच्या मध्ये पपनसाएवढं इंजिन, वरच्या दांड्यावर पेट्रोलची छोटी टाकी. चार पायडल मारायचे, क्लच सोडायचा, की फटफट सुरू. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून आनंदी नदीकाठच्या रस्त्याने निघाली, की ताडामाडांच्या सावलीतली कुत्री उठून भुंकायला लागत.

पार्श्याला दिपाली नावाच्या पोरीला जुळं झालं, दोन्ही मुलगे, वजनाने हलके. ते काम आनंदीला मिळालं आणि नेमकी तेव्हाच सायकल रुसायला लागली.

चोपड्याहून निघताना झकास निघायची. आगरवाड्याची मिठागरं दिसायला लागली की इंजिनाचा आवाज पातळ व्हायचा. एकदा दम धरल्यासारखं करायचं, दोन आचके द्यायचं आणि गप्प. आनंदी उतरायची, इंजिनाला हात लावून चटका बसला की हात झटकायची, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फेऱ्या मारायची. थोड्या वेळाने पायडल मारले की सुरू व्हायचं, आणि पार्श्याच्या चढाला पुन्हा तेच. ती घामाघूम होऊन सायकल ढकलत दिपालीच्या अंगणात पोचायची, तेव्हा दिपालीची सासू शांताकाकी दारातच उभी असायची.

"बघ, रडून रडून कळवळली पोरां. शेवटी एकाक दूध पाजलां. आता भरल्या पोटार न्हाऊक कसां घालतलंस?"

बाळ न्हायचं ते भुकेच्या आधी. मग ते पितं आणि झोपतं. ते गणित चुकलं की अख्ख्या घराचा दिवस बिघडतो, हे आनंदीनेच त्यांना सांगितलेलं.

संध्याकाळी दत्ताराम सायकल अंगणात आडवी घेऊन बसला. टिपरखाली आयुष्य गेलेला माणूस, एवढंसं इंजिन म्हणजे त्याला पोरखेळ वाटायचा. प्लग काढून घासला. कार्बोरेटर सोडवून पेट्रोलने धुतला. टाकीतलं पेट्रोल ओतून टाकून नवं, ऑईल मिसळलेलं भरलं. मग स्वतः बसून देवळापर्यंत फेरी मारून आला. इंजिन घड्याळासारखं चाललं.

"झाली," तो म्हणाला.

सकाळी मिठागरापाशी बंद.

दुसऱ्या दिवशी त्याने प्लग नवा घातला. तिसऱ्या दिवशी पेट्रोलची नळी बदलली. प्रत्येक वेळी देवळापर्यंतची फेरी सुरळीत, आणि प्रत्येक सकाळी मिठागरापाशी तोच आचका.

"माझ्याकडे बरी चलता. तुझ्याकडेच कशी बंद पडता गो?" दत्ताराम शेवटी वैतागला.

"मी काय तिका चावतंय?"

"तसां नाय. पण तू धीर धरणंस नाय. तापल्याशिवाय पळवतंस."

आनंदी ताटावरून उठली. तिला राग त्याच्या बोलण्याचा आला नाही. तो म्हणतोय ते खरंही असेल, याचा आला. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम सावकाश गेली, इतकी सावकाश की एक म्हातारा साध्या सायकलीवरून तिला मागे टाकून गेला. सायकल मिठागराच्या थोडी पुढे जाऊन बंद पडली.

त्या दिवशी शांताकाकीने आवाज चढवला नाही, हे जास्त लागलं. "जमत नसात तर सांग गो. आमी दुसरी बाई बघतलंव," ती म्हणाली.

धाकटा न्हायचा बाकी होता. थोरल्याला काकीनेच बाटली दिली होती. दिपालीचं दूध दोघांना पुरत नव्हतं, म्हणून वरचं चालू होतं. आनंदी न्हाणीत पाट मांडत होती आणि तिला मागून थोरल्याचं रडणं ऐकू आलं. पोर बाटली तोंडात धरून चोखायचं, गाल आत ओढायचं, मग सोडून किंचाळायचं. पुन्हा चोखायचं, पुन्हा सोडायचं.

"दूध आसा तरी पिणां नाय," काकी म्हणाली.

आनंदीने बाटली हातात घेतली. बाटलीची रबरी बोंडी आत चपटी झाली होती. झाकण करकचून आवळलेलं. हे तिने कित्येक घरांत बघितलं होतं. तिने झाकण अर्धा आटा सैल केलं. भसकन हवा आत गेली, दुधातून बुडबुडे वर चढले, बोंडी फुगली. पोराने तोंडात घेतली आणि घटाघट प्यायला लागलं.

"वारो आत गेलो नाय तर दूध भायर कसां येतलां, काकी," ती सवयीने म्हणाली, आणि वाक्य संपता संपता जागीच थांबली.

टाकीचं झाकण!

त्या झाकणाला बारीकसं भोक होतं. त्यातून पेट्रोल उसळून हँडलला लटकवलेल्या पिशवीवर, बाळांच्या दुपट्यांवर उडायचं. कामाच्या पहिल्याच दिवशी काकीने नाक मुरडलं होतं, "पेट्रोलाचो वास येता." म्हणून आनंदीने झाकणावर प्लास्टिकची जाड पिशवी घालून रबराने गच्च आवळून टाकली होती. दत्तारामने बघून बरं केलंस म्हटलं होतं, धूळ जायची नाही म्हणून. तो दुरुस्तीला बसला की ते प्लास्टिक काढून ठेवायचा, तसाच देवळापर्यंत जाऊन यायचा. आणि सकाळी निघताना आनंदी ते पुन्हा आवळायची.

तिला तिथून पळत अंगणात जावंसं वाटलं. पण धाकटा न्हायचा होता. तिने त्याला पायांवर घेतलं. ती तेल लावायला लागली आणि हात ऐकेनात. बोटं पोराच्या दंडावर असत, मन बाहेर सायकलीवर. पोराने ते लगेच ओळखलं आणि ओठ काढला.

"आज तुझो हात खंय आसा?" काकीने विचारलं.

आनंदीने डोळे मिटले. पाणी कोपराने पुन्हा बघितलं. पाठ, मान, कानामागचं, बोटांच्या बेचक्या, एकेक करत गेली. न्हाऊन झाल्यावर धुरी दिली, टाळू भरली, दुपट्यात घट्ट गुंडाळलं. पोर झोपल्यावरच ती उठली.

अंगणात येऊन तिने रबर ओढून तोडलं. प्लास्टिक निघताना झाकणापाशी बारीक सुस्कारा ऐकू आला. आनंदी सायकलवर बसून सुटली. उतार गेला, मिठागरं आली. आता बंद पडेल, आता आवाज पातळ होईल. मिठागरं मागे गेली. घर आलं, पण ती वळली नाही. सरळ शिवोलीच्या पुलावर गेली, पार पलीकडे, आणि वळून परत. इंजिन एकदासुद्धा अडखळलं नाही, तरी तिचे कान तिथेच.

दत्ताराम ड्यूटीवरून आला, तेव्हा तिने चहाच्या आधी सांगितलं. तो हसला. "प्लास्टिकान इंजिन बंद पडता? टिपर चालवलंय गो मी."

"मगे बांधून बघा."

त्याने नवं प्लास्टिक बांधलं आणि गेला. बराच वेळ झाला. आनंदी दारात, मग फाटकाशी, मग रस्त्यावर. ऊन कलायला लागलं तेव्हा वळणावर तो दिसला. सायकल ढकलत येत होता, शर्ट पाठीला चिकटलेला.

"प्लास्टिक काढूचां ना मगे!" ती ओरडली.

"काढलां असतां," तो जवळ येऊन म्हणाला. "पण मगे तुझां खरां झालां असतां."

ती खो खो हसली. तोही हसला, पण मागाहून, पाणी प्यायल्यावर. रात्रीच्या जेवणाआधी त्याने मागच्या कॅरियरला पत्र्याचा डबा ठोकून दिला, दुपट्यांची पिशवी ठेवायला.

दुसऱ्या दिवशी आनंदी पार्श्याला पोचली, तेव्हा चूल नुकती पेटत होती. पोरं झोपेत होती.

"इतक्या लवकर?" शांताकाकी म्हणाली. "बस जरा."

आनंदी पायरीवर टेकली. पाणी तापायला वेळ होता. तिने आत बघितलं, बाहेर बघितलं, मग उठली, कोपऱ्यातला माडाच्या हिरांचा खराटा घेतला आणि काकीचं अंगण झाडायला लागली.