एक ते तीन

माणूस गेल्यावर असं लिहू नये. पण परवा आमच्या त्या जुन्या शेजाऱ्यांच्या शोकसभेत सगळ्यांनी त्यांना इतकं समजूतदार ठरवलं, की खरं सांगणं भाग आहे. त्यांच्याइतकं मला कुणीही वैतागवलेलं नाही.

साठच्या दशकात म्युनिकजवळ आम्ही दोघं मराठी माणसं एकाच घरात भाड्याने राहत होतो. तळ्यावर पेट्रोलच्या इंजिनाला बंदी होती, म्हणून त्यांच्या मासेमारीच्या होडीला बॅटरीवरची मोटर होती. बॅटरी ते तळघरात चार्ज करत. चार्जरची घरघर नको, म्हणून रात्री चार्जिंग बंद. दुपारी एक ते तीन जर्मन लोकांची विश्रांती, म्हणून तेव्हाही प्लग काढायचा. घरमालकीण ठार बहिरी होती, तरीही!

"गेनाऊ! अगदी बरोबर! नियम म्हणजे नियम," ते जर्मन झोकात म्हणत. बॅटरी कधी पूर्ण भरलीच नाही.

एका रविवारी मी आणि पुण्याहून नुकतीच आलेली माझी बायको त्यांच्याबरोबर होडीत असताना मोटर भर तळ्यात बंद पडली. वारा सुटला. तिला पोहता येत नव्हतं.

"अहो, समोर घरं आहेत, हाक मारा!" मी म्हणालो.

"हळू बोला. दोन वाजलेत, लोक झोपलेत," असं कुजबुजत त्यांनी वल्ही घेतली. मलाही ओरडू दिलं नाही.

धक्क्याला लागलो तेव्हा त्यांचे तळवे सोलवटले होते. बायको म्हणाली, "भावजी, एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?"

"वहिनी, उद्या आपल्या देशातली आणखी पोरं याच लोकांकडे खोली मागायला येतील."

मी इतका चिडलो होतो, की बॅटरीला हात लावला नाही. ते जड धूड त्यांनी तसल्या हातांनी एकट्याने घरापर्यंत नेलं.