शून्यबाईंचा ओव्हन

आमच्या वीज केंद्रात कोळसा जळत नाही. भुसा, फांद्या, मोडकं फर्निचर, जुनी दारं-खिडक्या ट्रक भरभरून येतात आणि बॉयलरमध्ये जातात. प्रत्येक ट्रकमधून पोतंभर नमुना काढणं हे माझं काम आणि त्यात पारा आहे का ते तपासणं प्रयोगशाळेतल्या बाईंचं. जुना रंग लावलेल्या लाकडात, त्यात मिसळलेल्या फुटक्या ट्यूबलाइटच्या कचऱ्यात पारा असू शकतो. जळला की धुराड्यातून सगळीकडे पसरतो. बाईंच्या वहीत मात्र अकरा वर्षं पाऱ्याच्या रकान्यात शून्य. म्हणून त्या शून्यबाई. या नावाचा त्यांना राग नव्हता, उलट अभिमान होता.

बाई भारी कडक. पोत्यावर चिठ्ठी वाकडी लागली तरी मला उलट पावली धाडायच्या. यांच्या सुनेचं कसं होत असेल, असं मला वाटायचं. सून आमच्याच वजनकाट्यावर होती. पण तिला दिवस गेले तशा बाई थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "धुळीत, ट्रकच्या धुरात माझी सून बसणार नाही. माझ्या खोलीत बसवा."

नमुने वाळवायच्या ओव्हनशेजारी तिची खुर्ची लागली. यार्डातली धूळ नको म्हणून खिडकी कायम बंद. दोघींचे डबे ओव्हनवर गरम व्हायचे. "आख्ख्या केंद्रात याहून सुरक्षित जागा दाखव," असं बाई मला ऐकवायच्या.

मग एकदा ओव्हनची कॉइल जळाली. नमुने शेजारच्या गोदामात कागदावर पसरून तीन दिवस पंख्याखाली वाळवले. पारा मोजायच्या यंत्रात घातले तर भलामोठा आकडा आला. बाईंनी तीनदा तपासलं. मग माझ्यावर घसरल्या.

"कुठल्या उकिरड्यावरून उचललंस रे हे?"

माझंही डोकं फिरलं. "त्याच यार्डातून! अकरा वर्षं हेच आणतोय मी!"

नवी कॉइल बसल्यावर बाईंनी एकाच पोत्याचे दोन भाग केले. एक पंख्याखाली वाळवला, दुसरा नेहमीसारखा ओव्हनमध्ये. पंख्याखालच्याचा पुन्हा तोच आकडा. ओव्हनमधल्याचं शून्य.

"पारा तापला की उडतो," बाई हळूच म्हणाल्या. "आपण आधी तापवत होतो, मग शोधत होतो."

"उडून जातो कुठं?" मी आपलं सहज विचारलं.

त्यांनी ओव्हनच्या मागच्या भोकाकडं पाहिलं, मग बंद खिडकीकडं. तेवढ्यात खुर्चीतून उठून सून ओव्हनवरचा डबा उतरवत होती. सातवा महिना लागला होता तिला.

"आई, डबा गरम झालाय. जेवून घेऊया ना."

इतकं घाबरलेलं माणूस मी आजवर पाहिलं नाही. बाईंनी तो डबा हिसकावून कचऱ्यात टाकला आणि सुनेचा दंड धरून तिला बाहेर ओढली, थेट यार्डातल्या धुळीत. "माझं काय चुकलं?" म्हणून ती रडायला लागली. शेवटी मीच सांगितलं, जमेल तसं.

साहेब म्हणाले, "झालं गेलं कशाला उकरता?" बाईंनी ऐकलं नाही. आपली अकरा वर्षांची शून्यं भरवशाची नाहीत, असं स्वतःच्या हातानं लिहून वर पाठवलं. ओव्हन बंद झाला. दोघींचं रक्त तपासायला गेलं आणि अहवालाला आठ दिवस लागणार होते.

ते आठ दिवस बाई रोज मला हात पुढं करून दाखवायच्या. "थरथरतोय का रे?" थरथरत होता. भीतीनं की पाऱ्यानं, देव जाणे. मी नाही म्हणायचो. त्या खोलीत रोज चहा मीही प्यायलो होतो, त्यामुळं घरी गेल्यावर माझेच हात निरखत बसायचो.

नवव्या दिवशी दुपारी सून कागद नाचवत आली. "आई, शून्य! दोघींचंही शून्य!"

मी टाळीच वाजवली. बाईंनी कागद घेतला, वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. मग त्यावरचा नंबर फिरवला.

"एक विचारायचं होतं," त्या फोनवर म्हणाल्या. "तपासण्याआधी तुम्ही ते रक्त कशात तापवलं तर नव्हतं ना?"

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. सुनेचं हसू थांबलं आणि तिचा हात पोटावर गेला.